नव्या कार्डावर काय न्यायचे

घरातल्या माणसांच्या वतीने मी इतकी वर्षे जे ठरवत आलो, ते ठरवायचा अधिकार मला कोणी दिला? चालत्या घरात हा प्रश्न पडत नाही. दिवे वेळेवर लागतात, टाकी भरली की मोटर थांबते, कोणी गिझर चालू ठेवून बाहेर पडले तर तो आपोआप बंद होतो. मग कोण कोणाला जाब विचारणार? पण खालची ऑपरेटिंग सिस्टीम बदलायची वेळ आली की सगळे एकदा उतरवून पुन्हा चढवावे लागते. तेव्हा एकेका नियमाशी नव्याने गाठ पडते आणि हा मी कोणासाठी केला होता, याचे उत्तर स्वतःला द्यावे लागते. ते उत्तर दर वेळी सोयीचे निघत नाही.

आधी यंत्रणेविषयी थोडे. आमच्या नाशिकच्या घरी ‘होम असिस्टंट’ चालते. पॉलस स्खाउटसन याने २०१३ मध्ये पायथन भाषेत सुरू केलेला हा मुक्त प्रकल्प. मला त्याचे आकर्षण वाटले ते एकाच कारणासाठी: कारभार घरातच राहतो. दिवा लावल्याचा निरोप परदेशातल्या कुठल्या सर्व्हरला सांगून यावा लागत नाही. तळहातावर मावणाऱ्या रास्पबेरी पाय ४ या संगणकावर तो बसवलेला होता आणि त्याच्याखाली डेबियन १०, म्हणजे ‘बस्टर’, तीही ३२ बिटांची.

बस्टर जुलै २०१९ मध्ये आली. तिला मिळणारे दीर्घ मुदतीचे सुरक्षा-पाठबळही ३० जून २०२४ ला संपले. तिच्यातले पायथन ३.७ होम असिस्टंटने त्याआधीच मागे टाकले होते, त्यामुळे माझी आवृत्ती एका जागी गोठली होती. मग मे २०२५ मध्ये प्रकल्पाने जाहीर केले की ३२ बिटांच्या यंत्रांना आणि थेट पायथनमध्ये बसवण्याच्या पद्धतीला यापुढे पाठबळ राहणार नाही, मुदत सहा महिने. माझे घर या दोन्ही खणांत बसत होते. त्या ऑगस्टमध्ये डेबियन १३, ‘ट्रिक्सी’, आली. ती थोडी मुरू द्यावी म्हणून मी डेबियन १२ वर आधारलेली ६४ बिटांची ‘बुकवर्म’ घेतली आणि त्यावर डॉकरमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या बंद कप्प्यांत, एकेक सेवा उभी करायचे ठरवले.

इथे मनाशी पहिला हिशेब. पाठबळ संपलेली सिस्टीम मी चालवत राहिलो, त्यामागे काय होते? ‘चालतंय ते हलवू नये’ हे कारण मी इतरांना सांगत असे आणि ते खोटे नव्हते. पण त्याखाली दुसरे एक होते. चालू यंत्रणेचे श्रेय मला मिळत होते. बंद पडली असती तर दोषही माझाच. श्रेय रोज थोडे थोडे मिळते, दोष एकदम येतो. मी घराची सोय सांभाळत होतो असे म्हणताना बरोबर माझे नावही सांभाळत होतो. हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते, आणि आत्मपरीक्षणात नेमके इथेच पाय घसरतो: खरे असलेले कारण पुढे करून तेवढेच खरे असलेले दुसरे झाकता येते.

शिवाय हा प्रश्न माझ्या घरापुरता नव्हता. २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या प्रोग्रामने जगभरातले घरगुती कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. कारखान्यातून आलेले, कोणी न बदललेले पासवर्ड एवढीच त्याला लागलेली सामग्री. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला अशा उपकरणांच्या फौजेने डाइन या अमेरिकी कंपनीवर हल्ला केला आणि अनेक मोठ्या वेबसाइट काही तास उघडेनाशा झाल्या. ज्यांच्या घरात ते कॅमेरे होते त्यांना काही जाणवले नसणार. त्यांचा कॅमेरा तर नीट चालू होता. ‘माझं चालतंय’ या वाक्याने शेजाऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी टळत नाही, एवढे मला त्या घटनेतून कळायला हवे होते आणि कळलेही होते. रास्पबेरी पायवाल्यांनी एप्रिल २०२२ मध्ये सर्वांना ठाऊक असलेले ‘पाय’ हे तयार खाते काढून टाकले. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून घरगुती उपकरणांतल्या सरसकट एकाच पासवर्डला कायद्याने बंदी घातली. म्हणजे जग या बाबतीत शहाणे होत होते. कळणे आणि वळणे यांतले अंतर मात्र कोणत्याही कंपनीला किंवा सरकारला माझ्या वतीने कापता येत नाही.

रास्पबेरी पायवर मोठी आवृत्ती बदलताना जुन्यावरच नवी चढवू नये, कोरी प्रत बसवावी, असा बनवणाऱ्यांचाच सल्ला आहे. मी तो मानला. घर बदलताना माळ्यावरचे सगळे खाली काढावे लागते आणि मग कळते की आपण काय काय जपून ठेवले होते, तसे झाले. कोऱ्या मेमरी कार्डावर आपोआप काहीच येत नाही. संगणकाचा पत्ता पक्का करण्यासाठी जुन्या फाईलमध्ये लिहिलेल्या ओळी बुकवर्ममध्ये कोणी वाचतच नाही, कारण जाळ्याचा कारभार आता ‘नेटवर्क मॅनेजर’कडे गेला आहे. असे तांत्रिक खाचखळगे बरेच. ते शोधले की सापडतात. त्यांतल्या दोन ठिकाणी मात्र उत्तर ठाऊक असूनही मी थबकलो.

पहिले ठिकाण मॉस्किटो. घरातली छोटी उपकरणे एकमेकांशी एमक्यूटीटी या पद्धतीने बोलतात. १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी ती तेलवाहिन्यांवर दुरून लक्ष ठेवण्यासाठी बांधली. निरोप इकडून तिकडे पोचवणारा मध्यस्थ म्हणजे मॉस्किटो. बस्टरमधली त्याची जुनी आवृत्ती कोणालाही आत घेत असे: नाव नाही, पासवर्ड नाही, आलास तर ये. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या २.० पासून ते बंद झाले. तुम्ही काहीच सांगितले नाही तर तो त्या संगणकाबाहेरच्या कोणाचे ऐकतच नाही, आणि अनोळख्याला दार उघडत नाही. नवी सिस्टीम सुरू केली तेव्हा टाकीचा सेन्सर, मोटरचा रिले, गच्चीवरचे तापमान सगळे बाहेर उभे राहिले.

यावर दोन उपाय होते. एक, फाईलमध्ये दोन ओळी लिहायच्या की बाहेरच्यांचे ऐक आणि अनोळख्यांना येऊ दे. घर लगेच पूर्ववत. दुसरा, या उपकरणांतली एकेक ईएसपी ८२६६ चिप खाली उतरवून, प्रत्येकीला स्वतःचे नाव आणि पासवर्ड देऊन पुन्हा लावायची. गच्चीवरच्या टाकीला शिडी लावून चढायचे. पहिल्या उपायाच्या बाजूने माझ्या मनाने भराभर युक्तिवाद मांडले. घरातलेच जाळे आहे. वायफायला पासवर्ड आहेच. टाकीची पातळी चोरून कोण काय करणार? प्रत्येक वाक्य बरोबर. पण मी ते बरोबर आहे म्हणून मांडत नव्हतो, शिडी चढायची नव्हती म्हणून मांडत होतो. निर्णय आधी झाला होता, कारणे मागाहून आली होती. हे ओळखण्याची एक खूण मला सापडली आहे: जो निर्णय तपासून घेतलेला असतो त्याला एखादेच कारण पुरते, आधीच झालेल्या निर्णयाला मात्र कारणांची रांग लावावी लागते.

दुसरे ठिकाण झिग्बी. दरवाजे, खिडक्या आणि हालचाल टिपणारे सेन्सर या बिनतारी जाळ्यावर आहेत आणि ‘झिग्बी टू एमक्यूटीटी’ हा प्रोग्राम ते सांभाळतो. त्या जाळ्याला एक गुप्त किल्ली लागते. एके काळी हा प्रोग्राम बसवला की तयार किल्ली मिळत असे, आणि ती सगळ्यांना एकच, माहितीपत्रकात छापलेली. आता तो नवी, वेगळी किल्ली तयार करून घ्यायला सांगतो. जुनी माहिती आणि जुनी यूएसबी कांडी जशीच्या तशी नव्या संगणकाला लावली तर सेन्सरांना काही कळतही नाही, घर तसेच चालू राहते. किल्ली बदलली तर प्रत्येक सेन्सर पुन्हा जोडावा लागतो: त्याच्यापाशी जायचे, बारीक छिद्रात टाचणी घालून बटण दाबून धरायचे, दिवा लुकलुकेपर्यंत थांबायचे. इथेही कारणांची रांग तयार होतीच. तिची लांबी पाहून मी किल्ली बदलली.

आणि त्यामुळे मला घरातल्या प्रत्येक खोलीत, हातात टाचणी घेऊन, माणसांच्या देखत जावे लागले. एरवी मी हे सगळे माझ्या टेबलाशी बसून करत असे. नियम लिहायला खोलीत जावे लागत नाही. यंत्रणेत खोली म्हणजे एक नाव, आणि खोलीतले माणूस म्हणजे हालचाल आहे किंवा नाही. या वेळी खोलीत खरोखरचे माणूस होते आणि त्याने विचारले, “हे काय आहे?”

मुलगी बारावीत आहे. तिच्या दारावरच्या सेन्सरला हात घातला तेव्हा ती पुस्तकातून वर बघून म्हणाली, “बाबा, दार उघडं राहिलं की एसी बंद होतो ते ठीक आहे. पण मी खोलीतून कधी गेले, कधी आले, ते तुझ्या फोनवर दिसतं ना?” दिसत होते. मी त्यासाठी तो लावला नव्हता, हे मी सांगितले आणि ते खरेही होते. ती म्हणाली, “लावला कशासाठी ते नाही विचारत. दिसतं का ते विचारतेय.” हेतू चांगला असल्याचे प्रमाणपत्र आपण स्वतःला किती सहज देतो! ज्याच्यावर नजर पडते त्याला हेतूशी देणेघेणे नसते, नजरेशी असते. एसीसाठी खिडकीवरचा सेन्सर पुरला असता. दारावरचा मी का निवडला? कारण तो बसवायला सोपा होता. ‘सोपा होता’ याच्या पलीकडे मला उत्तर सापडले नाही, आणि एवढ्या उत्तरावर कोणाच्या येण्याजाण्याची नोंद ठेवता येत नाही.

मावशी आमच्याकडे गेली कित्येक वर्षे कामाला येतात. मागच्या दाराने येतात, मागच्या दाराने जातात. त्या दारावरचा सेन्सर रात्री दार उघडे राहू नये म्हणून लावलेला. पण यंत्राला रात्र आणि सकाळ असा भेद नसतो. मावशी कधी आल्या, कधी गेल्या याची मिनिटाबरहुकूम नोंद त्यात वर्षानुवर्षे साठत होती. ती मी कधी वापरली नाही. पण कधी खाड्यांवरून, पगारावरून बोलणे झाले असते तर वापरली नसती का? शपथेवर ‘नाही’ म्हणता येत नाही. हत्यार वापरले नाही याचे पुण्य घेण्याआधी ते हाताशी ठेवले कशाला, हे विचारायला हवे. मी त्यांना समजावून सांगितले तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “दादा, वरच्या ताईंकडे कॅमेरा हाय. त्यो दिसतो तरी.” याहून नेमका आक्षेप मी कुठे वाचलेला नाही.

आईचे सर्वांत अवघड. तिच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत बोळात हालचालीचा सेन्सर आहे. ती रात्री उठली की जमिनीलगतचा मंद दिवा लागतो आणि सकाळी ठरावीक वेळेपर्यंत काहीच हालचाल दिसली नाही तर मला निरोप येतो. ऐंशीच्या घरातल्या आईसाठी केलेल्या या सोयीचा मला अभिमान होता. घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी ती दाखवत असे. सेन्सर पुन्हा जोडताना मी तिला प्रथमच नीट विचारले, “आई, हा राहू दे ना?” ती म्हणाली, “तुला बरं वाटत असेल तर राहू दे.” मग मी पुढे सांगितले, की याची नोंदही राहते, वेळेसकट. ती थोडा वेळ गप्प बसली. “म्हणजे मी रात्री किती वेळा उठते ते तुला ठाऊक असतं?” असतं म्हटलं. “मग रोज सकाळी झोप लागली का म्हणून विचारतोस कशाला?”

मला वाटते, यंत्राने माझे काय केले ते या एका प्रश्नात आले. मी विचारत होतो, पण मला उत्तराची गरज उरली नव्हती. ती ‘लागली हो’ म्हणायची आणि मला माहीत असायचे की लागली नव्हती. तिला खोटे बोलण्याचा, मुलाला काळजी नको म्हणून चार शब्द झाकून ठेवण्याचा जो हक्क प्रत्येक आईला असतो, तो मी न सांगता काढून घेतला होता.

तिच्या पहिल्या उत्तराचेही बघावे लागेल. ‘तुला बरं वाटत असेल तर’ ही संमती आहे का? आपल्याकडे २०२३ मध्ये वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याच्या सहाव्या कलमानुसार संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्वक, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी लागते. या पाच कसोट्यांवर आईचे वाक्य घासून पाहा. ते मुक्त नाही, कारण ती माझ्या घरात, माझ्या आधाराने राहते असे तिला वाटते. माहितीपूर्वक नाही, कारण नोंदींचे तिला ठाऊक नव्हते. बिनशर्त तर नाहीच. ‘तुला बरं वाटत असेल तर’ ही उघड अट आहे. ते प्रेम आहे. प्रेमातून दिलेली मुभा संमती म्हणून वापरणे घराघरांत चालते आणि त्याचा दोष एकट्या यंत्राचा नाही.

कायदा मला यासाठी पकडणार नाही. त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात सवलत आहे: एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या कामाला तो लागू नाही. ही सवलत योग्यच आहे. उंबऱ्याच्या आत पोलीस आणून घरे चालत नाहीत. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे एकमताने सांगितले, तेव्हा मी मनापासून आनंदलो होतो. सरकारने आपल्यावर पाळत ठेवू नये, कंपन्यांनी ठेवू नये, यावर माझे मत ठाम होते आणि आहे. होम असिस्टंट मी निवडले तेही त्याच मतामुळे. माहिती घराबाहेर जात नाही, हे मी अभिमानाने सांगत असे. ती घराच्या आत कोणाकडून कोणाकडे जाते, हा प्रश्न मात्र मी स्वतःला विचारला नव्हता. बाहेरच्या सत्तेविरुद्ध जी तत्त्वे मी बोलत होतो, ती माझ्या सत्तेला लावायचे राहून गेले होते.

सत्ता हा शब्द मोठा वाटेल, पण दुसरा चपखल बसत नाही. प्रशासकाचे खाते एकच, माझे. नियम मी लिहिणार, अपवाद मी ठरवणार, बिघाड मी दुरुस्त करणार. सिस्टीम बदलण्याच्या काळात दिवाणखान्यातले दिवे मधूनमधून बंद होते, तेव्हा बायको म्हणाली, “तू गावाला गेलास की हे घर कोणाचं असतं?” टोमणा होता, पण तपासून पाहण्याजोगा. भिंतीवरच्या बटणामागे रिले बसवलेले दिवे सर्व्हर बंद असतानाही हाताने लागत होते. जे स्मार्ट बल्ब केवळ सर्व्हरच्या हुकमावर चालत, ते मुके झाले होते. म्हणजे घराचा काही भाग सर्वांचा होता आणि काही भाग माझ्या हयातीपुरता. मला उद्या काही झाले तर मागे राहिलेल्यांना दु:खात दिवा कसा लावायचा ते शोधत बसावे लागेल, अशी व्यवस्था मी हौसेने उभारली होती. कोणाला आपल्याविना अडावे, अशी इच्छा मनात होती का? असे विचारले की मन लगेच नाही म्हणते. पण इतक्या वर्षांत कागदावर एक ओळ लिहून ठेवली नव्हती, हे त्या ‘नाही’च्या विरुद्ध जाणारे आहे. मन काय म्हणते यापेक्षा हाताने काय केले नाही, ते अधिक खरे बोलते.

स्वतःच्या बाजूनेही साक्ष द्यायला हवी. नुसते स्वतःला झोडपणे हाही एक देखावाच असतो. टाकी भरली की मोटर थांबते, त्यामुळे गच्चीवरून पाणी वाहून जाणे बंद झाले. गिझरचा खर्च कमी झाला. आईच्या वाटेवर रात्री उजेड असतो. हे चांगले आहे आणि राहावे. म्हणून प्रश्न ‘यंत्रणा हवी की नको’ असा नाही. या सगळ्या सोयींना काय लागते, असा आहे. मोटरला आत्ताची पातळी लागते, परवाची नाही. दिव्याला आत्ता कोणी चालले आहे का, एवढेच कळावे लागते. सकाळच्या निरोपाला आजची सकाळ पुरते. सोयीला वर्तमान पुरतो. भूतकाळ साठवणे हा स्वतंत्र निर्णय असतो आणि तो मी सोयीच्या नावाखाली घेतला होता. होम असिस्टंट आपण होऊन फक्त १० दिवसांच्या सविस्तर नोंदी ठेवते. तो आकडा मी वाढवून ठेवला होता. आलेख बघायला मला आवडतात, एवढेच.

जुन्या कार्डावरची ती डेटाबेसची फाईल नव्या कार्डावर न्यायची का, हा मग शेवटचा प्रश्न उरला. तांत्रिक अडचण नव्हती. पुसण्याआधी ती एकदा शेवटची उघडून बघावी असे फार वाटले. बघण्याची ती ओढ हाच ती पुसण्याच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा होता. फाईल नेली नाही. जुने कार्ड आणि त्याचे बॅकअपही पुसले. काही वर्षांचे पावसाळ्यातले तापमान आणि पाण्याचा वापर त्यात गेला, त्याची हळहळ आहे.

झाले ते असे. नोंदी पुन्हा १० दिवसांवर आणल्या. बोळ, मुलीची खोली आणि मागचे दार यांची नोंदच होत नाही. सेन्सर काम करतात, लक्षात ठेवत नाहीत. मुलीच्या दारावरचा काढून खिडकीला लावला. मागच्या दाराचा रात्री दहा ते सकाळी सहा एवढाच ऐकला जातो, आणि मावशींना तो कुठे आहे ते दाखवले आहे. प्रत्येक दिव्याला भिंतीवर चालणारे बटण आहे. प्रशासकाचे दुसरे खाते बायकोच्या नावाने आहे आणि सगळे बंद करून साध्या बटणांवर कसे यायचे, हे मराठीत लिहिलेला कागद कपाटात दागिन्यांच्या डब्यापाशी आहे. तो वाचून तिने मला न विचारता एकदा सगळे बंद करून दाखवले. आईच्या हाताशी एक बटण दिले आहे. ते दाबले की सकाळचा निरोप मला येत नाही. ते तिने अजून दाबलेले नाही. दाबावेसे वाटत नाही म्हणून, की माझ्यासाठी, हे मी तिला विचारलेले नाही. विचारले तर ती पुन्हा माझ्याच सोयीचे उत्तर देईल. म्हणून या एका बाबतीत माझा निकाल माझ्या विरुद्धच उभा आहे: सेन्सर चालू आहे आणि त्याला खरी म्हणावी अशी संमती नाही.

डेबियन १२ चे नेहमीचे पाठबळ २०२६ मध्ये संपते, दीर्घ मुदतीचे २०२८ मध्ये. म्हणजे हे काम पुन्हा येणार आहे, माझ्याकडे आणि तुमच्याकडेही. तुमच्या घरात अशी यंत्रणा असेल तर पुढच्या आवृत्तीवर जाण्याआधी बॅकअप घ्या, पासवर्ड बदला, हे सगळे तुम्हाला ठाऊक आहे. पण त्याच्याही आधी घरातल्या प्रत्येकाला, घरी कामाला येणाऱ्यांनासुद्धा, तुमच्याविषयी इथे काय काय साठते ते सांगा आणि त्यातले काय पुढे न्यायचे ते विचारा. सांगायला लाज वाटली, तर ते नव्या कार्डावर नेऊ नका.